गोगलगायीचे घड्याळ

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण साळसूद दिसणाऱ्या माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. गोगलगाय पोटाखालच्या स्नायूंवरच सरकते. अंग ओले राहिले तरच ती जगते आणि तिचे सारे वेळापत्रक या एका अडचणीभोवती बेतलेले आहे.

शहापूर, मुरबाडकडे मृगाचा पाऊस झाला की बांधावर, केळीच्या बुंध्याशी, भिंतींवर गोगलगायी दिसू लागतात. त्या एका रात्रीत जन्मलेल्या नसतात. पावसाळा सरून हवा कोरडी झाली की त्या मातीत, दगडाखाली शिरतात, शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करतात. श्वसन आणि हृदयाचे ठोके मंदावतात. ही ग्रीष्मनिद्रा काही महिने चालते. ओलावा मिळताच संपते.

रोजचा क्रमही असाच. संध्याकाळी बाहेर, उजाडल्यावर आडोशाला. हा नुसता अंधाराचा परिणाम नव्हे. ‘लिमॅक्स’ या बिनशंखी गोगलगायीला प्रयोगशाळेत सतत अंधारात ठेवले, तरी तिची हालचाल सुमारे २४ तासांच्या तालातच चालू राहिली. घड्याळ शरीरातच आहे.

आपले उपाय मात्र हे घड्याळ पाहत नाहीत. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागात शंखी गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. ठाणे जिल्ह्याने तशी वेळ येण्याची वाट पाहू नये. गोगलगायींविषयीची गावबैठक रोपे खाल्ली गेल्यावर जुलैत नव्हे, मे महिन्यात व्हावी. बांधावरचा पालापाचोळा आणि दगडांचे ढीग तेव्हाच हलवता येतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी ओली गोणपाटे अंथरावीत आणि सूर्य वर येण्याआधी खाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मातीतली साबुदाण्यासारखी अंडी नष्ट करावीत. आफ्रिकन गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. भर दुपारी विषारी गोळ्या टाकल्या तर गोगलगायीआधी कुत्री आणि कोंबड्याच त्यांपर्यंत पोहोचतात.

वेचणीत आरोग्याचाही प्रश्न आहे. उंदरांच्या फुप्फुसातील एका कृमीच्या अळ्या गोगलगायीत वाढतात. त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी वापरावी, नंतर साबणाने हात धुवावेत, मुलांना या कामाला लावू नये आणि कच्ची पालेभाजी नीट धुवावी.

दिसेल ती गोगलगाय मारणे हाही उपाय नव्हे. सह्याद्रीतल्या अनेक देशी जाती कुजका पाला खाऊन माती घडवतात. लांबट, तपकिरी पट्ट्यांच्या मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय आधी ओळखायला शिकावे. त्यासाठीचे प्रात्यक्षिक कार्यालयीन वेळेत घेऊन भागणार नाही. ते रात्री, बॅटरी घेऊन, बांधावरच घ्यावे लागेल.