सिकेटर कोणाच्या हाती?

नाशिक जिल्ह्यातले बाकीचे द्राक्षबागायतदार गोडी छाटणीसाठी ऑक्टोबरची वाट पाहत असतात, तेव्हा सटाण्याकडच्या बागांत घड लोंबू लागलेले असतात. बागलाणातली ही अगाप छाटणी भर पावसाळ्यात होते. माल नाताळाच्या आसपास बाजारात जातो, भाव चांगला मिळतो आणि जोखीमही तेवढीच मोठी असते. २०१९ साली परतीच्या आणि अवकाळी पावसाने या बागांची काय दशा केली, ते कोणी विसरलेले नाही. अशा शेतीत एक गोष्ट फार मोलाची असते, ती म्हणजे छाटणीची कात्री, आपल्याकडच्या भाषेत सिकेटर, धरणारा जाणता हात. एका वेलीवर चुकीचा काप बसला, तर त्या वेलीचे वर्ष गेले.

हा जाणता हात तयार कसा होतो? याचे एक उत्तर हल्ली सर्रास ऐकू येते. प्रत्येकाची शिकण्याची तऱ्हा वेगळी असते, कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून, तर कोणी करून. ज्याला जसे जमते तसे त्याला शिकवावे. शाळांच्या पालकसभेत हे सांगतात, प्रशिक्षण वर्गात सांगतात आणि घरोघरच्या आयाही आता 'आमच्या बंड्याला पाहिल्याशिवाय कळत नाही हो' असे कौतुकाने म्हणतात. ऐकायला हे मोठे उदार वाटते. माझ्या मते त्यातले निम्मे खरे आहे आणि उरलेले निम्मे मुलांचे नुकसान करणारे आहे.

या कल्पनेला फार जुना इतिहास नाही. पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करणारे अशी आज सर्वांच्या तोंडी असलेली चौकट न्यूझीलंडमधल्या नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास मांडली. अशा वर्गवाऱ्या इतक्या निघाल्या, की २००४ साली ब्रिटनमधल्या काही अभ्यासकांनी मोजदाद केली तेव्हा एकाहत्तर निघाल्या! पुढे २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध पुरावा तपासला. माणसांना आवडीनिवडी असतात, हे त्यांनी मान्य केले. पण ज्याच्या त्याच्या तऱ्हेप्रमाणे शिकवल्याने तो अधिक चांगले शिकतो, याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. एखाद्याला गोड आवडते म्हणून गोड खाल्ल्याने त्याची प्रकृती सुधारते असे थोडेच आहे?

वास्तविक हे समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. द्राक्षाच्या मांडवाखाली उभे राहिले तरी पुरे. काप डोळ्याच्या किती वर घ्यायचा, सिकेटरचे पाते कोणत्या बाजूला ठेवायचे, हे पाहून कळते. काडी पक्व आहे की कच्ची, हे रंगावरून थोडे कळते, पण खरे कळते ते बोटांनी वाकवून आणि कापताना हाताला जो विरोध जाणवतो त्यावरून. तो विरोध कोणी कितीही रसाळ वर्णन करून सांगितला, तरी दुसऱ्याच्या मनगटात उतरत नाही. मात्र कोणत्या डोळ्यात घड आहे, हे ना डोळ्यांना दिसते ना बोटांना लागते. ते खरड छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांतच ठरून गेलेले असते. म्हणून तर बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेऊन, डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात आणि कितव्या डोळ्यावर छाटायचे ते ठरवतात. हा भाग ऐकून, वाचून आणि आकडा लक्षात ठेवूनच शिकावा लागतो. म्हणजे एकाच कामात पाहणे, ऐकणे, वाचणे, करणे असे सगळेच आले. तऱ्हा माणसाची नसून कामाची आहे. 'मी करून शिकणारा' असे म्हणून ज्याने डोळे तपासणीचा कागद बाजूला ठेवला, तो वांझ डोळ्यावर अगदी सफाईदार काप घेईल, इतकेच.

काही गोष्टी तर करून शिकण्याच्या नव्हेतच. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, हातमोज्यांशिवाय हाताळू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते लावणाऱ्याने त्या दिवसाच्या आगेमागे दारू घेतली तर शरीरात दोहोंचा मेळ बसत नाही आणि प्रकरण गंभीर होऊ शकते. ही गोष्ट कोणत्या मजुराला अनुभवाने शिकवायची? ती आधी सांगावीच लागते, त्याला कळेल अशा भाषेत आणि एकदा सांगून भागत नाही.

डाळिंबाचीही तीच कथा. या भागात डाळिंबाने घरे उभी केली आणि 'तेल्या'ने त्यातली कित्येक पुन्हा खाली बसवली. तेल्या हा जिवाणूंचा रोग. पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो, तसा छाटणीच्या कात्रीबरोबरही या झाडावरून त्या झाडावर जातो. म्हणून झाडागणिक सिकेटर निर्जंतुक द्रावणात बुडवायचे असते. आता एखादा पोरगा जाणत्या माणसाच्या मागे चार दिवस फिरला. तो माणूस मधूनमधून कात्री कसल्याशा पाण्यात बुडवतो, हे त्याने पाहिले. कशासाठी ते कोणी सांगितले नाही. हा पोरगा पुढे एकटा छाटायला लागेल तेव्हा घाईच्या दिवशी पहिल्यांदा काय गाळेल? ते बुडवणेच! जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे नुसते पाहून शिकलेल्याला ते बुडवणे म्हणजे एक सोपस्कार वाटतो. अहिराणीत ज्याला 'देखीसन' शिकणे म्हणतात, त्याची मोठी ताकद आहे. पण त्याची हद्दही इथेच आहे.

आपल्या पूर्वजांना ही हद्द माहीत असावी. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवरच्या बंधाऱ्यांची फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. पाटाचा उतार चालून कळतो, पाणी कुठे मुरते ते पायाला कळते. पण कोणत्या फडात यंदा कोणते पीक, पाणी कमी पडले तर कोणता फड कोरडा ठेवायचा, हा ठरलेला नियम. तो कोणीतरी सांगितल्याशिवाय आणि गावाने मानल्याशिवाय चालत नाही.

आता मोबाइल आला आहे. छाटणीची, विरळणीची, कलमांची शेकडो चित्रणे तरुण मुले रात्री पाहतात. यात वाईट काही नाही. परंतु २०१८ साली शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. जेवणाच्या टेबलावरचे कापड भांडी न हलवता झटक्यात ओढून काढण्याची करामत लोकांना दाखवली. काहींनी एकदा पाहिली, काहींनी वीस वीस वेळा. जितक्या जास्त वेळा पाहावे, तितका 'मला हे जमेल' हा विश्वास वाढत गेला. अशाच इतर कसबांत लोकांना प्रत्यक्ष करायला लावले, तेव्हा हात मात्र होते तिथेच होते. पोहणाऱ्याला काठावरून पाहून कोणी तरला आहे काय? ठाऊक असूनही आपण फसतो, एवढेच.

मग माणसामाणसांत फरक नसतो? असतो की. पण तो या चार खणांत बसणारा नाही. एखाद्याला आधीचे किती ठाऊक आहे, हा पहिला फरक. दुसरा भाषेचा. पेठ-सुरगाण्याकडून टोळीने येणाऱ्या आदिवासी मजुरासमोर तज्ज्ञ जेव्हा 'सबकेन', 'सामू' आणि 'अन्नद्रव्य व्यवस्थापन' यांवर तासभर बोलतो, तेव्हा तो मजूर 'ऐकून शिकणारा नाही' असा निष्कर्ष काढणे ही शुद्ध लबाडी आहे. आणि तिसरा फरक मला सर्वांत मोठा वाटतो. चुकण्याची परवानगी कोणाला आहे?

वेलींच्या हिशेबाने उक्ते काम घेतलेल्या मजुराला थांबून विचार करायला वेळ नसतो. घरच्या मुलाला बाप सिकेटर देत नाही, कारण डोक्यावर कर्ज आहे आणि बाग पणाला लावून पोराला शिकवणे परवडत नाही. बायकांचे तर विचारूच नका. विरळणी त्यांनी करायची, घड औषधात बुडवायचे काम त्यांनी करायचे, मणी-मणी निरखून बोटे झिजवायची. पण बहुतेक बागांत छाटणीची कात्री पुरुषाच्या हाती आणि प्रशिक्षणाचे आमंत्रण पुरुषाच्या नावे. वर्षानुवर्षे घड हाताळणाऱ्या बाईला काडीची पारख पुरुषापेक्षा उशिरा येईल, असे मानायला काहीही कारण नाही. तिला कोणी विचारलेले नाही, इतकेच.

आणि म्हणूनच या तऱ्हांच्या गोड भाषेची मला भीती वाटते. आपल्या समाजात डोक्याचे काम आणि हाताचे काम यांच्यामध्ये आधीच एक भिंत आहे आणि ती कोणी कोणासाठी बांधली हे नव्याने सांगायला नको. 'हा मुलगा हाताचा आहे, पुस्तकाचा नाही' असे नववीतल्या पोराविषयी मास्तर म्हणतात, तेव्हा त्यात मायाच असते. परंतु त्या दिवसापासून त्याला वाचायला लावण्याची जबाबदारी सर्वांनी अंगावरून झटकलेली असते. आयटीआयमध्ये गेल्यावर त्याच मुलासमोर कार्यशाळेचे गणित आणि आराखडे येतात, तेव्हा तो म्हणतो, मी तर करून शिकणारा. शिक्का आपण मारला आणि तो त्याने जपून ठेवला.

गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, ती ही भिंत पाडण्यासाठी. हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी असे सगळे प्रत्यक्ष करत शिकतात. लोक या आश्रमाचे उदाहरण 'करून शिकण्या'साठी देतात आणि निम्मेच देतात. तिथे करण्याबरोबर मोजमाप, चित्र आणि खर्चाचा हिशेब हेही येते. कलबागांनी मुलांच्या हाताला काम दिले, पण त्यांच्या डोक्याला सुट्टी दिली नाही.

आता व्यवहाराचे बोलू. १९७८ साली दोन संशोधकांनी आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या नेमावर टाकायला शिकवले. काहींनी तीन फुटांवरूनच सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून. बारा आठवड्यांनी परीक्षा तीन फुटांवरून घेतली. सरस ठरली ती दुसरी मुले, त्या अंतरावर ज्यांनी हात चालवलाच नव्हता! तेव्हा शिकाऊ हाताला एकाच ओळीत आठवडाभर जुंपू नये. थोडी जोमदार वेल, थोडी कमजोर, थोडी म्हातारी असे फिरवत ठेवावे. काप घेण्याआधी 'इथेच का?' याचे उत्तर तोंडाने द्यायला लावावे. उत्तर चुकले तर काडी अजून शाबूत असते.

आणि कर्जात असलेल्या बापाने भरल्या बागेवर शिकवावे, असे मी म्हणतच नाही. पुढच्या वर्षी मोडायची म्हणून ठरवलेली एखादी कडेची ओळ बऱ्याच ठिकाणी असते. तीही नसेल, तर छाटलेल्या काड्यांचे ढीग प्रत्येक बांधावर पडलेले असतात. त्यांची कुट्टी होण्याआधी दोन दिवस त्यातला एक भारा पोरासमोर टाकावा, एक लेकीसमोर, एक विरळणीला येणाऱ्या बायकांसमोर. जुने सिकेटर घरात असतेच, फक्त पात्याला धार लावून घ्यावी.