आवडत नाही, एवढंच

‘मला हे आवडत नाही’ हे साधं वाक्य आपल्याकडे फार अवघड होऊन बसलं आहे. नकार द्यायचा तर वजनदार कारण लागतं. तब्येत, घरची अडचण, नाहीतर दीन. यातलं शेवटचं सगळ्यात सोयीचं, कारण त्यावर समोरचा काही बोलूच शकत नाही. ते कारण खरं असेल तर जरूर द्यावं. खरं नसेल तर त्याला हात लावू नये, एवढंच मला सांगायचं आहे. निमित्त तसं किरकोळ आहे, एका खेळाचं.

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. ‘समोर जुना किल्ला आहे, दरवाजा बंद आहे, काय करता?’ असं मास्टर विचारतो आणि प्रत्येकानं आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर द्यायचं. जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पडलेल्या आकड्यात पात्राचं कसब मिळवायचं, बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली तर दरवाजा उघडला. पैसे लावत नाहीत, आपसात हारजीतही नसते, सगळे एकाच बाजूचे. एक बैठक सहज तीन-चार तास चालते आणि एकच गोष्ट महिनोन्‌महिने पुरते.

माझे चार मित्र या खेळावर जीव टाकतात. चौघंही चाळिशी ओलांडलेले, दोन मुसलमान, दोन हिंदू. एकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलानं खेळ घरात आणला आणि बापानं तो पळवला. आता दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, बँकेला सुट्टी असते म्हणून, बँकवाल्या मित्राकडे बैठक ठरलेली. मी सहा बैठका खेळलो. मला तो खेळ आवडला नाही.

कारणं साधी आहेत. मी शिक्षक. आठवडाभर वर्गात आवाज बदलून धडे शिकवतो, कधी राजा होतो, कधी म्हातारी. शनिवारी संध्याकाळी पुन्हा सोंग घ्यायला अंगात त्राण उरत नाही. दुसरं, हिशोब फार. तीन राक्षसांशी लढाई सुरू झाली की तासभर बेरजा चालतात. तिसरं, भाषा. आम्ही एरवी मराठी, उर्दू, दखनी मिसळून बोलतो, पण खेळात शिरलो की सगळे इंग्रजी दरबारी होतात. एकदा बँकवाल्याच्या जादूगारानं ड्रॅगनला अस्सल दखनीत दम दिला, तेव्हा मात्र मी पोट धरून हसलो. सहा बैठकांतली ती पाच मिनिटं मला मनापासून आवडली.

मित्रांना वाटलं होतं, हा उर्दूचा मास्तर, दास्तानवेडा, हा तर पहिल्याच दिवशी रमेल. त्यांचं चूक नव्हतं. अमीर हमजाच्या दास्तानीत काय नाही? अफरासियाबसारखे जादूगार, तिलिस्म, एकात एक दडलेले दरवाजे. अमर ऐयारची ती झंबील, जिच्यात अख्खी दुनिया मावते. या खेळातही तशीच एक थैली आहे, बाहेरून दिसते त्यापेक्षा आतून कितीतरी मोठी. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यानं ही दास्तान 46 जाड खंडांत छापली. पण दास्तान ऐकायची असते. सांगणारा एक, त्याची जबान तयार, वाक्य कुठे थांबवायचं हे त्याला ठाऊक. मला त्या तयार वाक्याची गोडी आहे. खेळात गोष्ट पाच जण मिळून कच्ची रचतात आणि रचण्यातच त्यांची मजा असते. एकाच झाडाच्या या दोन फांद्या. मी एकीवर बसतो, मित्र दुसरीवर.

इथपर्यंत सगळं आवडीनिवडीचं होतं. मग शाळेतल्या एका सहकाऱ्याला मी माझी अडचण सांगितली. तो म्हणाला, “सर, एवढा विचार कशाला करता? फासे हराम आहेत म्हणून सांगून टाका. विषय संपला.”

खरोखरच संपला असता. दोघं हिंदू मित्र आदरानं गप्प बसले असते आणि दोघं मुसलमान मित्र खजील झाले असते. नेमकं हेच मला नको होतं.

फाशांचा प्रश्न खोटा नाही. नर्द या फाशांच्या खेळाबद्दल सहीह मुस्लिममध्ये अतिशय कडक शब्द आहेत, आणि त्यावरून बहुसंख्य उलेमांनी पैज नसली तरी तो नाजायज ठरवला आहे. काही जाणकार मनाईचं कारण जुगारात पाहतात. जुगार म्हणजे मैसिर, त्याबद्दल सूरह माइदाच्या 90व्या आयतीत कसलीच पळवाट नाही. जो बहुसंख्यांचं मत मनापासून मानतो, त्यानं फाशाला हात लावू नये आणि मित्रांनी त्याची थट्टा करू नये. पण मला दुसरं मत पटतं. ईदच्या दुपारी मी मुलांबरोबर लुडो खेळतो. लुडोत फासाच असतो, मोबाइलमधल्या लुडोतही तोच. मग शनिवारच्या टेबलावर मी कुठल्या तोंडानं हराम म्हणणार?

या बाबतीत मला एक हदीस नेहमी आठवते. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर भाजलेली दब आली. दब म्हणजे घोरपडीसारखा दिसणारा वाळवंटातला प्राणी. ती दब आहे हे कळल्यावर त्यांनी हात मागे घेतला. हजरत खालिद बिन वलीद यांनी विचारलं, ही हराम आहे का? उत्तर आलं की नाही, पण माझ्या लोकांच्या मुलखात ती नसते, म्हणून मला तिच्याकडे ओढ वाटत नाही. मग हजरत खालिद यांनी ती ओढून घेतली आणि प्रेषितांच्या डोळ्यांदेखत खाल्ली.

ज्यांच्या तोंडून हराम हा शब्द निघाला असता तर तो उम्मतीसाठी कायदा झाला असता, त्यांनी आपली नावड नावड म्हणूनच सांगितली. शेजारी बसलेल्याच्या तोंडचा घासही अडवला नाही. मग आपण कोण? सूरह नहलच्या 116व्या आयतीत तर स्पष्ट ताकीद आहे की आपल्या जिभेनं वाटेल ते हलाल आणि वाटेल ते हराम ठरवू नका, तो अल्लाहवर रचलेला खोटेपणा होतो.

याची किंमत पुढची पिढी मोजते. मुलीनं मैदानात क्रिकेट खेळणं बापाला आवडत नाही, मुलानं नाटकात काम करणं चुलत्याला पटत नाही. ‘मला आवडत नाही’ म्हटलं तर मूल वाद घालेल, म्हणून दीन पुढे केला जातो. मूल मोठं होतं, वाचायला लागतं आणि त्याला कळतं की हे तर अब्बांच्या मनाचं होतं. मग जे खरोखर हराम आहे, दारू, व्याज, जुगार, त्याबद्दलही त्याच्या मनात शंका येते. खोट्या नाण्यानं खऱ्याचाही भाव पडतो.

हा रोग आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत 1980च्या दशकात याच खेळावर काही ख्रिस्ती मंडळी तुटून पडली होती. त्यातून मुलं सैतानाच्या नादी लागतात, असा गहजब झाला. 1982 मध्ये अशा खेळांच्या भीतीवर बेतलेला एक दूरचित्रपट आला, त्यात टॉम हँक्स होता. खेळ टिकला आणि मुलं मोठी होऊन आपल्या मुलांना तो शिकवू लागली. आज त्या गहजबाकडे लोक हसून पाहतात.

मित्रांना मी सरळ सांगितलं, “यार, मला हे आवडत नाही. जमत नाही म्हणून नव्हे, नापसंत आहे म्हणून.” एक जण म्हणाला, “अरे, नुसता बसत जा, तुझा फासा आम्ही टाकू.” त्यात प्रेम होतं, पण ते योग्य नव्हतं. क्रिकेटमध्ये अकरावा गडी सीमारेषेवर पेंगत असला तरी सामना चालतो. इथे पाचांतला एक जांभया देऊ लागला की गोष्टच बसते. मनाविरुद्ध बसणारा माणूस चौघांची संध्याकाळ खातो. दोस्तीसाठी सहन करणं चांगलं असतं, मात्र त्याचा भार दोस्तांवर पडू नये. आता ते खेळतात आणि मी नऊ वाजता जेवायला पोचतो. जेवताना ड्रॅगनचं काय झालं ते ऐकतो. ऐकायला मला आवडतंच.

मुलं वर्गात विचारतात, “सर, अमुक खेळ हराम आहे का?” जे ठाऊक आहे ते सांगतो, नसेल तर मौलानांकडे पाठवतो. पण आता त्याआधी एक प्रश्न विचारतो, “तुला तो खेळायचाय की नाही?” बऱ्याचदा मूल मान खाली घालून म्हणतं, “नाही सर, पण दोस्त चिडवतात.” मग मी सांगतो, “बेटा, ‘मला नको’ एवढं पुरेसं आहे. फतवा लागत नाही.”