ज्याला बोलता येत नाही, त्यालाही सांगायचे असते

मूल बोलत नाही म्हणजे त्याला समजत नाही, असे आपण सहज धरून चालतो. पाहुण्यांसमोर, त्याच्या देखत, त्याच्याविषयी बोलतो. पोट दुखते की कान, हे सांगता येत नाही म्हणून ते रडते, डोके आपटते; आपण म्हणतो, हट्टी आहे. रिसोड असो की मंगरुळपीर, अशी मुले आम्हा शिक्षकांच्या वर्गात येतात आणि बहुतेकदा मागच्या बाकावर बसतात.

घरातला मोबाइल अशा मुलाचा आवाज होऊ शकतो. मुंबईच्या आयआयटीत ‘जेलो’ नावाचे मोफत अ‍ॅप तयार झाले आहे. ते मराठी आणि हिंदीतही चालते. पडद्यावर खाणे, खेळ, माणसे, जागा, मदत अशी चित्रे असतात आणि कडेला सहा बटणे: आवडते, हो, आणखी, आवडत नाही, नाही, कमी. मुलाने चित्र आणि बटण दाबले की फोन ते वाक्य मोठ्याने बोलतो. यातले ‘नाही’ आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. रडण्याशिवाय नकार देण्याची सोय त्या मुलाला आजवर नव्हतीच.

गळ्याच्या ऑपरेशनमुळे आवाज गेलेल्या, पण लिहिता येणाऱ्या मोठ्यांसाठी गुगल ट्रान्सलेट पुरेसे आहे. मराठीत किंवा उर्दूत लिहून स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवले की फोन वाचून दाखवतो.

“फोनची सवय लागली तर मूल कधीच बोलणार नाही,” ही अम्मी-दादींची भीती आम्ही नेहमी ऐकतो. अभ्यासकांना तसे आढळलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे वाढते. मात्र आधी घरच्यांनी ती चित्रे दाबून बोलून दाखवावे. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजून थांबावे. आणि शिक्षा म्हणून हा फोन कधीही काढून घेऊ नये; ते मुलाचे तोंड दाबण्यासारखेच आहे.

त्याआधी कानांची तपासणी करून घ्यावी. कित्येक मुले ऐकू येत नाही म्हणून बोलत नाहीत. मुंबईत बांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत वाचा व भाषेचे दिव्यांगत्वही येते. तेव्हा जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी. त्यात लाज कसली?

आपल्या फिक्हमध्ये मुक्या माणसाचा ठरलेला इशारा जिभेने बोलल्यासारखाच मानला जातो. निकाहची कबुलीसुद्धा तो इशाऱ्याने देऊ शकतो. मग आज रात्री दस्तरखानावर भाजी हवी की डाळ, एवढे तरी त्या लेकराला विचारू या, आणि त्याच्या उत्तराची वाट पाहू या.