दुर्मिळ कशास म्हणावे?

वनस्पतींविषयी लिहिताना 'दुर्मिळ' हे विशेषण आपण फार सैलपणे वापरतो. या एका शब्दावर दोन भिन्न अर्थांचे ओझे पडले आहे. ते वेगळे न केल्यास हानी भाषेची नव्हे, वनस्पतींची होते, असे आमचे मत आहे.

पहिला अर्थ स्थळाचा. शिवनेरीसारख्या सह्याद्रीतील मोजक्या कड्यांवर उगवणारी शिंदळ माकुडी ही संख्येनेच थोडी आहे. दुसरा अर्थ काळाचा. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे नीलकुरिंजी, शास्त्रीय नाव स्ट्रोबिलँथस कुंथियाना. बंगळूरच्या राजाजीनगरात 'कनकांबर' म्हणून केसांत माळली जाणारी अबोली, तसेच कोरांटी व अडुळसा, ही सारी तिच्याच कुलातील होत. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील उंच गवताळ उतारांवर हे झुडूप वाढते. पाने समोरासमोर व दंतुर कडांची. फुले घंटेसारखी, जांभळट निळी. सुमारे बारा वर्षे ते केवळ वाढते. मग एका हंगामात सर्व झुडपे एकदमच फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. मुन्नारच्या परिसरात असा बहर १९९४, २००६ व २०१८ साली आला. ज्या कारवीच्या काठ्यांनी कोकणात घरांचे कूड बांधीत, ती याच प्रजातीतील. तिचा बहर साधारणतः सात वर्षांनी येतो.

आता कोणी म्हणेल, जेथे अवघा डोंगर निळा होतो, तेथे चार डहाळ्या तोडल्याने काय बिघडले? हा युक्तिवाद फसवा आहे. गुलाबाची फांदी तोडली तरी त्यास पुढील वर्षी फुले येतात. कुरिंजीस पुढील वर्ष नाही. तिच्या आयुष्यातील सारी बीजधारणा त्या एकाच हंगामावर अवलंबून असते. शिवाय असंख्य झुडपांनी एकाच वेळी बी धरल्याने, ते खाणाऱ्या प्राण्यांच्या तावडीतून पुष्कळसे बी वाचते, असे एक स्पष्टीकरण शास्त्रज्ञ देतात. म्हणजे जी विपुलता आपणांस उधळपट्टीची अनुज्ञा वाटते, तीच त्या जातीची संरक्षक तटबंदी आहे. चहाचे व निलगिरीचे मळे यांनी तिच्या गवताळ भूमीचा मोठा भाग आधीच व्यापला आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने नीलकुरिंजीस संरक्षित वनस्पतींच्या अनुसूचीत स्थान मिळाले, हे योग्यच झाले. परंतु कायदा डोंगरावरील प्रत्येक हात धरू शकत नाही. तो हात शाळेतच शिकलेला असावा लागतो. म्हणून आमची सूचना अशी की, पाठ्यपुस्तकांत व ग्रंथालयांतील पुस्तकांत 'स्थलदुर्मिळ' व 'कालदुर्मिळ' असे दोन शब्द रूढ करावेत. पहिल्या प्रकारात वनस्पतीची जागा राखावी लागते. दुसऱ्यात जागेबरोबर तिचा हंगामही.

मुन्नारचा पुढील बहर २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. तो पाहण्यास आजचे विद्यार्थी अवश्य जावोत; मात्र रिकाम्या हातांनी परत येवोत.