एकनाथ सोलकर, ५३ झेल आणि आपले हृदय

आजच्या मुलांना एकनाथ सोलकर हे नाव फारसे ठाऊक नसते. वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे मैदान सांभाळत आणि एकनाथ तिथेच खेळून मोठे झाले. १९६९ ते १९७७ या काळात २७ कसोटी सामन्यांत त्यांनी ५३ झेल घेतले, म्हणजे प्रत्येक सामन्यात जवळजवळ दोन. त्यातले बरेचसे फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या पुढ्यात, हेल्मेटशिवाय! १९७१ मध्ये ओव्हलवर त्यांनी झेप घेऊन ॲलन नॉटचा झेल टिपला. त्या डावात इंग्लंड १०१ धावांत गारद झाले आणि भारताने तिथला पहिला कसोटी विजय मिळवला.

हे शरीराला जमते कसे? डोळ्यांना काही दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू तीन मीटर अंतर त्याहून कमी वेळात कापतो. म्हणजे चेंडू पाहून हात हलवणारा नेहमीच उशिरा पोहोचणार. उत्तम क्षेत्ररक्षक फलंदाजाचे पाय आणि बॅट पाहून आधीच अंदाज बांधतो. हजारो वेळा सराव केल्याने मेंदूला ही सवय लागते.

असे चपळ सोलकर २६ जून २००५ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले.

एका माणसाच्या मृत्यूवरून नियम काढायचा नसतो. पण "मी पूर्वी खूप खेळलोय, मला काय होणार?" हा समज मात्र सोडायला हवा. तरुणपणीचा व्यायाम ही बँकेतली मुदत ठेव नव्हे. हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांवरील १९७८ च्या प्रसिद्ध अभ्यासात हेच दिसले. कॉलेजात खेळाडू असलेले पण पुढे व्यायाम सोडलेले लोक हृदयविकारापासून सुरक्षित राहिले नाहीत. उलट, कॉलेजात न खेळलेल्या पण नंतर नियमित हालचाल ठेवणाऱ्यांना फायदा झाला. रक्तवाहिन्या जुने पदक पाहत नाहीत. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा परिणाम त्यांच्यावर होतच राहतो.

अलोरे काय किंवा कोकणातले दुसरे कोणतेही गाव काय, मे महिन्यात चाकरमानी येतात आणि क्रिकेटचे सामने रंगतात. वर्षभर खुर्चीत बसलेला पंचेचाळीशीचा माणूस भर उन्हात एकदम जोरात धावतो. खेळू नका, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण आधी दोन महिने रोज अर्धा तास झपझप चाला. चाळिशी उलटली असेल तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. मधुमेह असेल किंवा घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा.

खेळताना छातीवर दडपण आले, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखू लागले, दरदरून घाम आला किंवा चक्कर आली, तर "गॅस झाला असेल" म्हणून सोडा पीत बसू नका. ताबडतोब थांबा आणि १०८ ला फोन करा. गावापासून मोठे रुग्णालय दूर असते, म्हणून इथे प्रत्येक मिनिट जास्तच मोलाचे आहे.

सोलकरांचे झेल मुलांना जरूर दाखवा. आणि स्वतःचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, तेही आठवून पाहा.