दलालीचे पैसे आणि बहिणींचा हक्क

घर घ्यायचं ठरलं की आपल्याकडे पहिला हिशेब होतो तो दलालाचे पैसे कसे वाचवायचे याचा. "ओळखीतलंच घर आहे, मध्ये तिसरा माणूस कशाला?" हे वाक्य प्रत्येक मोहल्ल्यात ऐकू येतं. काही वर्षांपूर्वी आम्हीही हेच म्हणत होतो. त्या वेळी आमच्या हातून काय होणार होतं, ते आज वाचकांना सांगावंसं वाटतं.

पुण्यात कोंढव्याला एका ओळखीच्या गृहस्थांचा फ्लॅट विकायचा होता. किंमत ४२ लाख ठरली. गृहस्थ नमाजी, बोलणं साफ. पाच लाख इसार देऊन आठवड्यात साठेखत करायचं, असं तोंडी ठरलं. आमच्या मोठ्या आपाने मात्र अडवलं. "पैसे देण्याआधी एकदा चाचांना कागद दाखव," ती म्हणाली. चाचा म्हणजे आमच्या भागातले जुने एजंट. त्यांची दलाली एक टक्का, म्हणजे ४२ हजार. आम्ही थोड्या नाराजीनेच गेलो.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट विकणाऱ्याच्याच नावावर होतं. आमच्या दृष्टीने विषय संपला होता. चाचांनी मात्र इंडेक्स टू मागितला. तो निघाला विकणाऱ्याच्या मरहूम वडिलांच्या नावाचा. चाचांनी तिथूनच फोन लावला.

"भाईजान, फ्लॅट तुमच्या नावावर कसा आला?"

"अब्बांनी मला नॉमिनी केलं होतं. त्यांच्या इंतेकालनंतर सोसायटीने माझं नाव चढवलं."

"आणि घरात आणखी कोण?"

"अम्मी माझ्याकडेच असतात. दोन बहिणी, लग्नं झालेल्या. एक मिरजेला, एक दुबईला. त्यांना काही नको."

चाचांनी फोन ठेवला आणि आम्हाला कागदावर मांडून दाखवलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद वारल्यावर सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढ्यासाठी ते नाव असतं. मालकी वारसांची. आजी-आजोबा आधीच वारलेले, म्हणजे वारस चौघे. फ्लॅटचे ३२ भाग केले तर आईचे ४, मुलाचे १४ आणि दोन्ही मुलींचे ७-७. रुपयांत सांगायचं तर ४२ लाखांपैकी मुलाचे १८ लाख ३७ हजार ५००. प्रत्येक बहिणीचे ९ लाख १८ हजार ७५०, आणि आईचे सव्वापाच लाख. उरलेल्या तिघींच्या सह्या नसतील तर आम्ही ४२ लाख मोजून त्यांच्या भावाचा हिस्सा तेवढा विकत घेणार होतो.

गृहस्थ लबाड नव्हते. सर्टिफिकेटवर नाव आलं म्हणजे घर आपलं, असं त्यांना खरंच वाटत होतं. आपल्यातल्या कितीतरी घरांत हाच समज आहे. चाचांनी त्यांच्यासमोरच मिरजेच्या बहिणीला फोन लावायला सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती एवढंच म्हणाली, "मला कुणी विचारलंच नव्हतं."

त्या वाक्याने आमच्या पायाखालची जमीन सरकली. वारशाचे हिस्से कुरआनात ठरवून दिलेले आहेत हे आपण मुलांना शिकवतो. आणि त्याच हिश्श्यावर आम्ही नकळत घर मांडायला निघालो होतो.

पुढे अडीच महिने गेले. दुबईच्या बहिणीने तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून पाठवलं, इथे त्याचं मुद्रांक शुल्क भरलं. वकिलाने शोध अहवाल दिला. खरेदीखतावर चौघेही विकणारे म्हणून आले आणि चौघांना आपापल्या नावाचे चार चेक मिळाले. आणखी एक गोष्ट चाचांनीच सुचवली. २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आम्ही फ्लॅट पत्नीच्या नावावर घेतला. ४२ हजार वाचले. चाचांची दलालीही तेवढीच होती.

एजंटचा उपयोग आम्हाला तेव्हा कळला. घर दाखवायला तर कुणीही दाखवेल. पण आपल्याला सुचत नाहीत ते प्रश्न तो विचारतो आणि ओळखीच्या माणसाला विचारायला आपल्याला जो संकोच वाटतो, तो त्याला नसतो. शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षी खरोखर कोणत्या भावाने नोंदणी झाली, कोणत्या सोसायटीत पाण्याचे हाल आहेत, कुठे बँक कर्ज देत नाही, हे त्याला रोजच्या कामामुळे माहीत असतं. भाव करताना मध्ये तो असला की दोन ओळखीच्या घरांत कटुता येत नाही.

भाड्याच्या घराबाबत तर आपल्या लोकांना याची गरज जास्त. मुलाबाळांना घेऊन घर पाहायला जावं, सगळं पसंत पडावं आणि नाव सांगताच "घर कालच गेलं" असं ऐकावं लागावं, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला आला आहे. चांगला एजंट आधीच मालकाला स्पष्ट विचारतो आणि मगच आपल्याला नेतो. त्याने अन्याय मिटत नाही. पण मुलांसमोरचा तो अपमान तरी टळतो. नाव ऐकूनच फोन ठेवणारे एजंटही आहेत, त्यांच्या मागे लागू नये. घर मिळाल्यावर करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं कायद्याने आवश्यक आहे आणि हे काम एजंट करून देतो.

आता एजंट निवडायचा कसा? २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकून देणाऱ्या एजंटला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. महारेराने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही बंधनकारक केली. तेव्हा नोंदणी क्रमांक मागा आणि महारेराच्या संकेतस्थळावर तपासा. दलाली किती, कधी द्यायची, समोरच्या पक्षाकडूनही तो घेणार आहे का, हे आधीच विचारून लिहून घ्या. दोन्हीकडून घेण्याची प्रथा आहे, पण ते लपवलेलं नसावं. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे, ती दलालीलाही लागू पडते. इसाराची रक्कम एजंटच्या हातात रोख देऊ नका, मालकाच्या खात्यावर चेकने द्या. आणि एजंट कितीही जाणता असला तरी कागद वकिलाकडून तपासून घ्या. "कागदांचं नंतर बघू, आधी टोकन द्या" म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच सलाम करा.

दलाल हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण जो खरं सांगतो, दोन्ही बाजूंची अमानत सांभाळतो, त्याचा मेहनताना हलाल कमाईच आहे. तो घासाघीस न करता, वेळेवर द्यावा.

आमच्या वास्तूच्या दिवशी मिरजेची ती बहीण आईला घेऊन आली होती. बालपण गेलेल्या त्या घरात ती खोल्याखोल्यांतून फिरली आणि जाताना आमच्या पत्नीला म्हणाली, "भाभी, सुखाने राहा." ही दुआ मिळाली नसती, तर ते घर आम्हाला कधी आपलं वाटलं नसतं.