शिडी का घसरते, हे आधी शिकवा

बारावीचा निकाल लागला की वस्तीत एकच प्रश्न फिरतो : इंजिनीअरिंगला कुठे नंबर लागेल? इंजिनीअरिंगमध्ये शिकवतात काय, हे मात्र कुणी विचारत नाही. आईबाप कर्ज काढतात, पोरगा कॉलेजात जातो आणि पहिल्याच वर्षी मेकॅनिक्समध्ये केटी लागते. मग शहाणे म्हणतात, झेपत नव्हते तर गेला कशाला? हा आरोप आम्हाला मान्य नाही.

मुळात हा विषय आपल्या घरातलाच आहे. पहारीने दगड उलथणारा बाप रोज मेकॅनिक्सच करतो. दीड मीटर पहारीला दगडापासून पाव मीटरवर टेकू दिला, तर हाताकडे सव्वा मीटर उरते. लांबी पाचपट, म्हणून 100 किलोचा भार 20 किलोच्या जोराने हलतो. पुस्तकात यालाच मोमेंट म्हणतात.

रंगारी शिडीच्या खालच्या पायरीवर असतो तेव्हा शिडी पक्की असते. वर गेला की घसरते. का? गुळगुळीत भिंत फक्त आडवा रेटा देते. माणूस जितका वर, तितका हा रेटा जास्त. तो पेलायला जमिनीवरचे घर्षण तेवढेच वाढावे लागते. पण घर्षणाची मर्यादा एकूण वजनावर ठरते आणि वजन तर तेवढेच राहते. मर्यादा संपली की शिडी निसटते. शिडीचे एकटीचे चित्र काढून तिच्यावरची सगळी बले बाणांनी दाखवली की झाली फ्री बॉडी डायग्राम. मग आडव्या बलांची, उभ्या बलांची आणि मोमेंटची बेरीज शून्य मांडायची. पहिल्या धड्यांचा पाया एवढाच आहे.

2021-22 पासून एआयसीटीईने मराठीसह प्रादेशिक भाषांतून इंजिनीअरिंग शिकवण्यास परवानगी दिली. दार उघडले, पण दारापर्यंतची पायरी कोण बांधणार? शिकून नोकरीला लागलेल्या आपल्या इंजिनीअरांनी वस्तीतल्या अभ्यासिकेत, प्रवेशाआधी पंधरा दिवस हा विषय मराठीत शिकवावा. वर्गणी नको, वेळ द्या. ज्याला गोडी लागेल तो उमेदीने जाईल; ज्याला लागणार नाही, तो कर्ज होण्याआधीच दुसरी वाट धरेल.

14 एप्रिलच्या मंडपाचे बांबू उभे करणारी पोरे हे गणित हातांनी सोडवतातच. ते कागदावर मांडायला शिकवणे, ही शिकलेल्यांची जबाबदारी आहे. ती टाळणाऱ्यांनी नंतर पोरांच्या नापासीवर बोलू नये.